पालथं पडून ऐकलेला रेडिओ

रामबागवाली

मंडळी, गेल्या महिन्यात सात दिवस मान खाली घालून काढले. गुन्हा काही केला नव्हता, उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झाल्यावर डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर चढणार आणि पडदा तर डोळ्याच्या मागच्या भिंतीला. तेव्हा त्यानं तिथंच टेकून राहावं म्हणून पेशंटनं पालथं पडायचं. वाचन बंद, टीव्ही बंद, मोबाईलकडे बघणं बंद. डाव्या डोळ्याला दिसायची ती फक्त फरशी. इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर जुनं आहे, पण पलंगाखालच्या फरशीचा कोपरा उडालाय हे चाळीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा कळलं.

लेक लीड्सला असते. तिनं यांना फोनवरून सूचना देत देत बीबीसी रेडिओ ४ लावून दिला. मी विचारलं, गाणी कधी लागतात? म्हणाली, "लागत नाहीत आई. नुसती बोलतात." दिवसभर? दिवसभर.

सात दिवसांपैकी गुरुवार मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मानेचं दुखणं कमी होतं. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. म्हणजे आपल्या पहाटे साडेचारला तिकडे मध्यरात्रीचे बारा ठोके पडतात. मला जाग आलीच होती. पाचच्या पुढे एक झोपाळू वाल्ट्झ वाजला, पाळणा हलवल्यासारखा, आणि ५:१८ ला एक बाई अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून काहीतरी वाचू लागल्या. व्हायकिंग. नॉर्थ उटसिरा. साउथ उटसिरा. फॉर्टीज. क्रोमार्टी. फोर्थ. टाइन. डॉगर. पलीकडच्या खोलीतून सासूबाई उठून आल्या. वय ८६, इंग्रजीचा गंध नाही. दाराशी उभ्या राहून ऐकलं आणि हळूच विचारलं, "कसलं स्तोत्र गं हे?"

स्तोत्र नव्हे, ते समुद्राचं हवामान. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ भाग पाडलेत. ठरलेल्या क्रमानं प्रत्येकाचं नाव घ्यायचं, मग वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, पाऊसपाणी आणि किती लांबवर दिसेल ते. बास. एक शब्द जास्त नाही, कारण सगळा मजकूर साडेतीनशे-पावणेचारशे शब्दांत बसवायचा असतो. "गुड" म्हणजे पाच सागरी मैलांच्या पुढेही दिसतंय. "व्हेरी पुअर" म्हणजे हजार मीटरच्या आत. (हे नंतर लेकीकडून वाचून घेतलं.) मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. डॉगर बँक नकाशात दाखवायची, ती एके काळची जमीन, तिच्यावरून माणसं चालत युरोपातून ब्रिटनला गेली, हेही पोरांना सांगायची. पण त्या डॉगरवर आज रात्री कोणीतरी होडीत बसलंय आणि त्याच्यासाठी ही बाई जागी आहे, हे कधी मनात आलं नव्हतं. ३१ नावांत माणसाचं नाव एकच, फिट्झरॉय. डार्विन ज्या बीगल जहाजावरून गेला त्याचा हा कप्तान. पुढे १८५४ मध्ये ब्रिटनचं हवामान खातं त्यानंच उभं केलं. आधी त्या भागाला फिनिस्टेर म्हणत. २००२ मध्ये बदललं.

यादी संपली की त्यांचं राष्ट्रगीत. हे एनसीसीत होते, सवयीनं उठून उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "बस रे, ते त्यांचं आहे."

साडेपाचला रेडिओ ४ झोपतो आणि तीच लहर बीबीसीच्याच वर्ल्ड सर्व्हिसला मिळते. मीही झोपले. सव्वादहाला शेतीचा कार्यक्रम, साडेदहापासून दीडपर्यंत 'टुडे'. हा १९५७ पासून चालू आहे म्हणे. तीन तास मुलाखती, आणि मंत्री आला की त्याला मध्येच तोडत राहायचं. पहिला अर्धा तास मजा येते, मग आपल्याकडच्या चॅनेलवरच्या भांडणाचीच सभ्य आवृत्ती वाटते. मी कान मिटून घेतले. दीड वाजता दर गुरुवारी 'इन अवर टाइम'. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण-एक तास. मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ पासून २०२५ पर्यंत सांभाळला, आता सूत्रधार बदललाय. विषय काहीही असतो, एखादी लढाई, नाहीतर मुंगी, नाहीतर शून्य. खरं सांगते, वरणभातानंतर त्यात मला दहाव्या मिनिटाला झोप लागली. पण ती झोपही फार वेगळी होती हो. कुणी ओरडून जागं करत नव्हतं, जाहिरात नव्हती. जाग आली तेव्हा ते तिथंच होते, त्याच मुद्द्याचा पुढचा पदर सोडवत.

अडीचला 'वुमन्स अवर'. १९४६ साली सुरू झाला तेव्हा बायकांच्या या कार्यक्रमाचा निवेदक पुरुष होता! त्या दिवशी पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासावर बोलणं चाललं होतं, इतकं मोकळं की यांनी चहाचं निमित्त काढून खोली सोडली.

आणि संध्याकाळी साडेसहाला 'द आर्चर्स'. अँब्रिज नावाचं खोटं खेडं, तिथली शेतकरी कुटुंबं, शनिवार सोडून रोज सुमारे तेरा मिनिटं, १ जानेवारी १९५१ पासून आजतागायत. महायुद्धानंतर अन्नाची टंचाई होती, शेतकऱ्याला नवं शेतीज्ञान गोष्टीतून पाजावं म्हणून सुरू केलं. मला एकही पात्र ओळखीचं नव्हतं. तरी बादलीचा आवाज, गाईचा हंबरडा, खडीवरून येणारी पावलं, आणि दोन बायका एकमेकींना काहीतरी सांगायचं टाळतायत एवढं कळायला कितीसं इंग्रजी लागतं? पाठोपाठ पावणेसातला नाटक. डोळे मिटलेलेच होते. कपबशी टेकवल्याचा आवाज आला नि मला बशीवरची नक्षी दिसली.

तिथं मला दादा आठवले. आमच्या माहेरी गच्चीवर तांब्याची तार ताणलेली होती, ती खाली व्हॉल्व्हच्या रेडिओत. दिवसा मालवा हाऊस, म्हणजे आकाशवाणी इंदूर. रात्री हवा चांगली असली की दादा बोटानं काटा केसाएवढा सरकवून मुंबई पकडायचे. खरखरीतून नभोनाट्य यायचं, दोन वाक्यं स्पष्ट, तिसरं समुद्रात. तिसरं आम्ही मनानं भरायचो. वनिता मंडळ होतं, कामगारांसाठी होतं, शेतीचं होतं, 'पुन्हा प्रपंच' होतं. त्यातले टेकाडे भावोजी आमच्या घरातलेच वाटायचे. म्हणजे हे सगळं आपल्याकडे होतं की! माझा प्रश्न एवढाच आहे, ते गेलं कुठे? आणि तुमच्यापैकी अजून कोण नुसतं बोलणं ऐकतं?

(लेक हे लिहून घेतेय. शुद्धलेखन तिचं, आगाऊपणा माझा.)

खमंग_जिरावण

काकू, तब्येतीला जपा. वाचून एकदम आजोबांचा ट्रान्झिस्टर आठवला. मालवा हाऊसचे नंदाजी-भेराजी विसरलात? संध्याकाळी मालवीत दोघं गप्पा मारायचे, सोयाबीनचं बियाणं, गाईचा ताप, मंडईतला भाव, नि मधेच एकमेकांची टर उडवायचे. आजोबा पक्के तुकोगंजी मराठी, शेत एक बिघाही नाही, पण ते सुरू झालं की घरात कोणी बोलायचं नाही. मला 'घणी खम्मा' आणि 'कंई वात है' तिथूनच आलं. तुमचं अँब्रिज आमच्याकडे धार रोडवर होतं, भिया.

लघुलहर

छान लेख. थोडी तांत्रिक भर. रेडिओ ४ एफएमवर आहेच, पण त्याची खरी ओळख १९८ किलोहर्ट्झची लाँग वेव्ह. मुख्य मनोरा वूस्टरशरमधल्या ड्रॉइटविचला. लाँग वेव्ह जमिनीला धरून लांबवर जाते, म्हणून मच्छीमाराच्या होडीतला साधा संचही ती पकडतो. आणखी गंमत अशी की याच लहरीत दडवलेल्या संकेतावर ब्रिटनमधल्या लाखो घरांचे वीजमीटर चालायचे. रात्रीचा स्वस्त दर कधी लावायचा हे मीटरला रेडिओ सांगायचा! २०२५ पासून ती पद्धत मोडीत काढायला घेतली. २०२४ च्या एप्रिलपासून लाँग वेव्हवरचे वेगळे कार्यक्रमही थांबले. क्रिकेट कसोटीचं समालोचन त्याच्या आदल्या वर्षीच तिथून हललं.

पाणबुडीची कथा तर प्रसिद्धच आहे. अण्वस्त्रधारी पाणबुडीच्या कप्तानाला देश शिल्लक आहे की नाही हे ठरवायचं असेल, तर ज्या खुणा तपासायच्या त्यात रेडिओ ४ ऐकू येतो का हीही एक, असं म्हणतात. खरंखोटं नौदल जाणे.

उलटतपासणी

लेख गोड आहे, पण साहेबाचं कौतुक जरा आवरा. हे सगळं फुकट येत नाही. तिथे घरात टीव्ही असेल तर दरसाल परवाना शुल्क भरावं लागतं, त्यावर हा रेडिओ पोसला जातो. श्रोतेही बहुतेक वयस्क, सुस्थितीतले. आपली आकाशवाणी २३ भाषा आणि १७९ बोलींत बोलते. एका भाषेत दिवसभर गप्पा मारणं त्यामानानं सोपं. आणि जी गोष्ट आपण स्वतःच ऐकणं सोडली, ती गेल्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. काकू, तुम्ही ऑपरेशनच्या आधी शेवटचं मालवा हाऊस कधी लावलं होतं?

रामबागवाली

उलटतपासणी, बाण बरोबर लागला. आठवत नाही. २००० च्या आसपास असेल. परवाना शुल्क आपल्याकडेही होतं हो. दादा दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरायचे, त्याचं पुस्तक घरी होतं. १९८० च्या दशकात ते बंद झालं तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. तेव्हा ऐकणारा पैसे भरतो म्हणून चिडून पत्रही पाठवायचा, हे आत्ता लक्षात येतंय.

बडोद्याची_सून

मी मूळची पुण्याची, आता तीस वर्षं बडोद्यात, दांडिया बाजाराजवळ. आमच्या बडोद्याला संस्थानाचा स्वतःचा रेडिओ होता, स्वातंत्र्यानंतर तो आकाशवाणीत गेला. आणि 'आकाशवाणी' हे नावही दिल्लीचं नव्हे, म्हैसूरच्या संस्थानी केंद्राचं.

पण मला दुसरंच सांगायचंय. रेडिओ ४ १९६७ मध्ये आला, त्याआधी त्या जागी होम सर्व्हिस होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या होम सर्व्हिसवर एक मराठी बाई बोलल्या होत्या, वेणू चितळे. बीबीसीच्या भारतीय विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर काम करायच्या. ऑर्वेल इंग्रजीत वार्तापत्र लिहायचे, त्याचं मराठी होऊन वेणूताईंच्या आवाजात इकडे यायचं. आणि तिकडच्या बायकांसाठी 'किचन फ्रंट' म्हणून कार्यक्रम होता, रेशनमध्ये मिळेल त्यात स्वयंपाक कसा भागवायचा याचा. मांस मोजून मिळत होतं, तेव्हा शाकाहारी हिंदुस्थानी पदार्थ सांगायला वेणूताई. बाँब पडतायत आणि रेडिओवर आपली मराठी बाई डाळीबद्दल बोलतेय! माझ्या मनात त्या नेहमी नऊवारीतच असतात, का कोण जाणे.

खमंग_जिरावण

डाळ ठीक, पण पोहे सांगितले असते तर युद्ध लवकर संपलं असतं. वरून शेव, जिरावण, शेजारी जिलबी.

लघुलहर

धागा पोह्यांवर नेऊ नका हो. मागच्या वेळी रेल्वेच्या धाग्याचं काय झालं आठवतंय ना.

खमंग_जिरावण

माफी. पण विषयाला धरून एक. इंदूरचे सुशील दोशी, हिंदी समालोचनातलं मोठं नाव, २०१६ ला पद्मश्री. होळकर स्टेडियमवरच्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव दिलंय. खेळाडूंच्या नावाचे स्टँड सगळीकडे असतात, बोलणाऱ्याच्या नावाची खोली आमच्या इंदुरात. लहानपणी चेंडू सीमापार गेलेला मी डोळ्यांनी कमी आणि त्यांच्या आवाजात जास्त पाहिलाय.

पांढरी_काठी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मला जन्मापासून दिसत नाही. ग्वाल्हेरला असतो. रामबागवाली ताई, तुमचे सात दिवस म्हणजे माझी त्रेपन्न वर्षं, तेव्हा जरा अधिकारानं बोलतो.

नुसतं बोलणं ऐकणारे सगळेच एका जातीचे नसतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, मी इतक्या वेगात ऐकतो की तुम्हाला पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटेल. त्याला मी ऐकणं म्हणत नाही, ते वाचणं. रेडिओ ऐकतो तेव्हा मजकूर दुसरा येतो, आधी येते खोली. बोलणारा भिंतीजवळ बसलाय की मोकळ्यात, थकलाय का, कागद बघून बोलतोय का. विविध भारतीवर 'हवामहल' लागायचं, पंधरा मिनिटांची नाटिका. त्यातला नट माइकपासून अर्धा हात मागे सरकला की मला कळायचं, आता हा खोटं बोलणार. आमच्या आईला माझं नवल वाटायचं.

तर तुमच्या बशीवर नक्षी कसली होती ते सांगा. मला नक्षी ठाऊक नाही, पण त्या बशीचा काठ तडकलेला असावा. टेकवताना आवाज बारीक येतो.

रामबागवाली

दादा, निळी वेलबुट्टी. आणि हो, नाटक संपल्यावर मीही तेच म्हटलं होतं, बशी तडकलेली आहे. हे म्हणाले औषधाचा परिणाम. तुमचं उत्तर त्यांना वाचून दाखवलंय.

उलटतपासणी

पांढरी काठींच्या प्रतिसादानंतर माझं बोलणं रुक्ष वाटेल, पण 'गेलं कुठे' याचं थोडं उत्तर देतो. आपल्याकडे १९५२ ते १९६२ माहितीमंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच, पुण्याचे. चित्रपटगीतं त्यांना थिल्लर वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. तिथून लोकांच्या मनात रेडिओ म्हणजे गाणी हे जे बसलं ते बसलंच.

दुसरं कारण कायद्याचं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं ऐकवता येतं तेवढंच. मग ताज्या घडामोडींवर चर्चा करणारं खासगी केंद्र निघणार कसं? उरतात गाणी, विनोद आणि ट्रॅफिक. लोकांना ऐकायचं नाही असं नाही. पॉडकास्ट ऐकणारी पोरं दोन-दोन तास गप्पा ऐकतात.

बडोद्याची_सून

पॉडकास्ट आणि हे एक नाही. पॉडकास्ट मी निवडते. पाळीच्या त्रासावरचा कार्यक्रम काकूंच्या यजमानांनी जन्मात निवडला नसता. आणि शेतीचा विषय निघाला म्हणून सांगते, १९५६ ला पुणे केंद्रानं युनेस्कोबरोबर एक प्रयोग केला होता. दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची मंडळं. सगळ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर भांडायचं आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. माझे सासरे तेव्हा ग्रामसेवक होते. सांगायचे की कार्यक्रम अर्ध्या तासाचा आणि भांडण अकरापर्यंत.

नवखा_कान

लेख वाचून आज लावून बघितलं. बागकामाचा कार्यक्रम दुपारी तीनला असतो असं ऐकलं होतं, पण तीनला लावलं तर कुणी गुलाबाच्या मुळांबद्दल बोलत नव्हतं, ब्रिटनच्या एका नगरपालिकेच्या पार्किंगवर वाद चालला होता. बंद केलं. कुठून सुरुवात करू? आणि भारतातून ऐकता येतं ना? मध्ये बंद झालं असं वाचलं होतं.

लघुलहर

बीबीसी साउंड्स हे त्यांचं ॲप बाहेरच्या देशांतल्या श्रोत्यांना २०२५ मध्ये बंद झालं, पण रेडिओ ४ आणि वर्ल्ड सर्व्हिस ठेवलेत. गुलाब शुक्रवारी. 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम', १९४७ पासून, त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आत्ता आपले साडेसात. हसायचं असेल तर 'जस्ट अ मिनिट' हुडका. दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं, अडखळायचं नाही, शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. वाटतं सोपं. घरी मराठीत खेळून पाहिलं, आमचा विक्रम सतरा सेकंद. 'म्हणजे' या शब्दानं घात केला.

खमंग_जिरावण

आमच्याकडे आत्ता खेळलो. विषय 'सराफा'. आईचे एकतीस सेकंद. बाबा तिसऱ्या सेकंदाला 'मी काय म्हणून राहिलो' वर बाद.

रामबागवाली

सगळ्यांना उत्तर देत नाही, लेकीनं बजावलंय की डोळा अजून कच्चा आहे. तपासणीत पडदा चिकटलेला निघाला. मान वर करायची परवानगी मिळाली, आता पंख्याची पाती पुसायची राहिलीत हे दिसतं.

रेडिओ मात्र चालू आहे. सासूबाईंना मी फॉर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर इतकं पाठ करून दिलंय. 'उटसिरा' त्यांना जमत नाही, त्या 'उत्सव' म्हणतात. काल माझा डोळा लागला होता, वाचन चुकलं. सकाळी चहाला त्यांनी विचारलं, "त्या डॉगरकडे आज वारा काय म्हणतोय?" मी म्हटलं, ऐकलं नाही. म्हणाल्या, "मग आता उद्यापर्यंत थांबायचं का?"

पांढरी_काठी

थांबायला नको. नैऋत्य, चार ते पाच, नंतर सरी. दिसायला चांगलं. मी ऐकलं होतं.

लघुलहर

आजींना एक सांगून ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात. तेव्हापासून मार्च संपेपर्यंत ५:१८ चं वाचन आपल्याकडे ६:१८ ला.

रामबागवाली

सांगितलं. म्हणाल्या, बरं झालं, तोवर दूध येऊन गेलेलं असतं.